सॅप ग्रीनची ट्यूब आणि भंडारदऱ्याचे चार दिवस

ऑगस्टमध्ये पुण्यात जलरंगातील निसर्गचित्रणाची तीन दिवसांची कार्यशाळा केली. बाहेर पाऊस कोसळत असल्याने तिन्ही दिवस आम्ही वीस-पंचवीस जण एका सभागृहात, ट्यूबलाइटच्या उजेडात, पडद्यावरच्या छायाचित्रांकडे पाहून डोंगर रंगवत होतो. शेवटच्या दिवशी सरांनी कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचा विषय काढला. ते १९३१ साली गेले, पण कोटितीर्थ आणि रंकाळ्याच्या परिसराची त्यांची चित्रे आजही शिकणाऱ्यांना दाखवली जातात. "त्यांना एक तळे वर्षानुवर्षे पुरले, तुम्हाला चार दिवस एक पुरायला हरकत नाही. एकच जागा निवडा आणि तिथेच बसा," असे सरांनी बजावले.

आमचे तळे ठरले ते भंडारदऱ्याचे. आम्ही म्हणजे तिघे : मी, कार्यशाळेत शेजारी बसणारे आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका, आणि त्यांच्याबरोबर काकू. काकू चित्रे काढत नाहीत. त्या शब्दकोड्यांचे पुस्तक घेऊन येतात आणि मान वर न करता मत देतात. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आम्ही मुद्दाम निवडला होता, कारण पावसाचा जोर ओसरलेला असतो, डोंगर मात्र अजून वाळलेले नसतात.

पहिला दिवस : शेंडी

पुण्याहून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता आहे. राजूरला गाडीत पेट्रोल भरून घ्यावे आणि रोख पैसेही जवळ ठेवावेत. शेंडी हे धरणाच्या पायथ्याचे गाव. तिथे एका घरी दोन खोल्या मिळाल्या. मालकीणबाईंना सगळे गाव मावशी म्हणते, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. दुपारी नाचणीची भाकरी, वालाची उसळ आणि खुरासणीची चटणी असे जेवण झाले. ही काळपट, तेलाळ चटणी शहरात काऱ्हळ्याची म्हणून बरणीत मिळते, पण ती पाट्यावरून थेट ताटात आली की तिचा वासच वेगळा असतो.

साडेचारला विल्सन धरणाच्या बाजूला गेलो. १९२६ साली पूर्ण झालेले हे दगडी धरण प्रवरेवर आहे आणि त्याच्या मागचा जलाशय पश्चिमेकडे डोंगरांच्या कुशीत पसरत जातो. सूर्य समोर होता. डोंगरांच्या एकामागे एक अशा चार रांगा दिसत होत्या, सगळ्यात जवळची गडद निळी आणि सगळ्यात मागची जवळजवळ आकाशात विरघळलेली. मी पाव शीट कागद फळीवर चिकटवला, काडेपेटीएवढे एक थंबनेल, म्हणजे छोटे कच्चे चित्र, काढले, आकाशाला मातकट पिवळ्या यलो ऑकरचा पातळ वॉश (पाणी घालून पसरवलेला रंगाचा थर) दिला आणि गडद निळ्या अल्ट्रामरीनमध्ये थोडी तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून एकेक रांग खाली उतरवत आणली. तासाभरात चित्र झाले आणि बरे झाले. काकांचेही झाले. दोघेही इतके खूश होतो, की रात्री कोंबडीच्या रश्श्यावर चर्चा फक्त कोणते चित्र फ्रेम करायचे याची होती.

"दोघांच्या चित्रांत एक झाड हिरवे नाही," काकू म्हणाल्या. "पावसाळ्यात आलात ना?"

काकूंचे म्हणणे खरे होते, पण त्या रात्री ते आम्हाला लागले नाही. सूर्य समोर असला की डोंगराची आपल्याकडची बाजू सावलीत असते आणि तिथला सगळा हिरवा निळ्यात बुडून जातो. चित्र सोपे होते ते त्यामुळे.

दुसरा दिवस : रतनवाडी

सकाळी साडेसहाला निघालो. मुतखेल, कोलटेंभे अशी गावे मागे टाकत रस्ता जलाशयाच्या दक्षिणेकडून रतनवाडीला जातो. गाडीच्या काचांवर आतून दव जमले होते. रतनवाडीत पोहोचलो तेव्हा सूर्य पाठीशी होता आणि समोर रतनगड, त्याच्या बाजूचा खुट्ट्याचा सुळका, खालची झाडी, उतारावरची शेते आणि पायाखालचे गवत असे सगळे एकाच वेळी हिरवे होते. आदल्या संध्याकाळच्या चार निळ्या रांगा शोधूनही सापडेनात.

काकांनी शहाणपणा करून अमृतेश्वराचे मंदिर निवडले. काळ्या दगडातले, आडव्या थरांनी चढत गेलेल्या शिखराचे हे देऊळ शिलाहारांच्या काळातले मानले जाते. पावसाने भिजलेला त्याचा दगड काळा दिसत नाही, जांभळट दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणात निळा किंचित जास्त ठेवून, शेवटी गडद लाल अलिझरिनचा एक थेंब टाकला की तो रंग मिळतो. काकांना रंग अचूक मिळाला. घोळ झाला तो वेळेचा. ते तीन तास बसले, शिखराची डावी बाजू त्यांनी आठ वाजता रंगवली आणि उजवी साडेदहाला, त्यामुळे एकाच शिखरावर सकाळची आणि दुपारची अशा दोन सावल्या पडल्या. सरांनी दोन तासांची मर्यादा का घातली होती, ते तेव्हा समजले. सावल्यांच्या कडा पहिल्या दहा मिनिटांत पेन्सिलीने आखून घ्याव्यात आणि नंतर ऊन कितीही सरकले तरी त्या हलवू नयेत.

मी देवळापासून पुढे, शेतांच्या बाजूला गेले आणि एका रुंद बांधावर स्टूल मांडले. माझ्या डब्यात सॅप ग्रीन या तयार हिरव्या रंगाची नवी कोरी ट्यूब होती. ती मी सढळ हाताने पिळली. माझी पहिली अडचण मात्र रंगाची नव्हती, पाण्याची होती. सभागृहात पंख्याखाली आकाशाचा वॉश पाच-सात मिनिटांत वाळत असे. इथे अर्धा तास झाला तरी कागद बोटाला गार लागत होता. घाई करून मी डोंगर रंगवायला घेतला आणि हिरवा रंग ओल्या आकाशात शिरून कडेला फुलकोबीसारखे डाग फुटले.

दुसरा कागद लावला. या वेळी वाट पाहिली. मग डोंगर, झाडी, शेते असे सगळे सॅप ग्रीनमध्ये कमीअधिक पाणी घालून रंगवून काढले. चित्र पूर्ण होत आले, तेव्हा पाठीमागे कोणीतरी उभे असल्याचे जाणवले. डोक्यावर गवताचा भारा आणि हातात विळा घेतलेल्या एक आजी बांधावरून येत होत्या आणि त्यांची वाट मी अडवली होती. मी घाईने उठू लागले, तर त्यांनी भारा खाली टाकला.

"बस, बस. काय काढतीस?"

"तुमचं वावर, आजी."

त्यांनी चित्राकडे पाहिले, समोर पाहिले, पुन्हा चित्राकडे पाहिले. "यात आमचं वावर कोन्चं?"

मी ब्रशने दाखवले. आजींना ते मुळीच पटले नाही. त्या माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि विळ्याच्या टोकाने एकेक तुकडा दाखवू लागल्या. वरच्या खाचरात हळवा भात आहे, त्याच्या लोंब्या वाकल्या आहेत आणि दोन-चार दिवस उघडीप मिळाली की तो कापायचा. खालच्या खाचरात पाणी टिकते, तिथे गरवा, तो दिवाळीपर्यंत हलत नाही. वरच्या उतारावर नाचणी आहे. तिच्या पलीकडे भुरके दिसते ती वरई. आणि अगदी कडेला पिवळी फुले आलेली खुरासणी. "तू समदं एकाच हिरव्यात बुचकाळलंस," असे म्हणून त्यांनी निकाल दिला.

मी पुन्हा पाहिले तेव्हा ते सगळे तिथे होते. हळवा भात हिरवा नव्हताच, पिवळ्याकडे झुकला होता. गरव्याच्या हिरव्यात थंड निळसर झाक होती. नाचणीची पाने गर्द होती आणि कणसांवर तांबूस रंग चढू लागला होता. वरई तर राखाडी म्हणावी इतकी फिकी होती. अर्धा तास मी ज्याला एक हिरवा पट्टा समजत होते, त्यात पाच पिके होती. सर डोळे किलकिले करून पाहायला सांगतात, म्हणजे तपशील पुसले जातात आणि मोठे आकार दिसतात. ते बरोबरच आहे. पण पुसण्याआधी तपशील काय होता ते माहीत असावे लागते, आणि मला भाताचे दोन प्रकार असतात हेही माहीत नव्हते. हा अकोले तालुका आहे. गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० ची पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या. इथे पिकांची नावे आणि त्यांचे रंग वेगवेगळे शिकवावे लागत नसणार.

आजींनी मला त्यांच्या ओटीवर नेले आणि गुळाचा कोरा चहा दिला. पैसे देऊ केले ते त्यांनी घेतले नाहीत. बांधावर बसायचे असेल, तर ज्याचे वावर त्याला आधी विचारावे, खाचरात पाय घालू नये आणि ब्रश धुतलेले पाणी शेतात ओतू नये. मी ते एका जुन्या बाटलीत भरून परत नेत असे.

दुपारी सॅप ग्रीनची ट्यूब डब्याच्या तळाशी ठेवून दिली. मुक्कामी आल्यावर एका कागदावर चौकोन आखले आणि उरलेल्या रंगांतून हिरवे बनवत बसले. लेमन यलो आणि अल्ट्रामरीनचा हिरवा झाडीसाठी थोडा भडक येतो, पण त्यात बर्न्ट सिएना पडली की जमिनीवर येतो. पिवळा गॅम्बोज आणि आकाशी निळा सेरुलियन यांचा गरव्या भाताला चालला. हळव्यासाठी यलो ऑकर जवळजवळ तसाच, लेमनचा फक्त स्पर्श. नाचणीसाठी पहिल्याच मिश्रणात निळा वाढवून कडेला अलिझरिनचे ठिपके. वरईचा रंग मात्र रात्री दहापर्यंत मिळाला नाही.

"रतनवाडीच्या आजींना विचारायचे होते ना रंग कसा करायचा ते," काकू कोड्यातून डोके न काढता म्हणाल्या.

तिसरा दिवस : घाटघर

जलाशयाच्या उत्तरेकडून मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघरला गेलो. घाटघरचा पाऊस अकोले तालुक्यात दंतकथेसारखा सांगितला जातो, आणि पाऊस नसला तर त्याच्या जागी धुके असते. आम्ही कोकणकड्यावर आठला पोहोचलो. कडा कुठे आहे तेही दिसत नव्हते, फक्त समोरून वर येणारा वारा तोंडावर आदळत होता. कड्यावर वारा खालून वर येतो, हे शाळेत शिकले असेनही, पण माझी फळी तिपाईवरून उचलली जाऊन मागच्या कारवीच्या झुडपात पडली तेव्हा ते नीट कळले. कागद चिखलात गेला. त्यानंतर काकांनी त्यांची पिशवी दगडांनी भरून माझ्या तिपाईच्या मधोमध टांगली. हा उपाय अगदी पहिल्या दिवसापासून करावा. कड्याच्या टोकापासून मात्र दूरच बसावे, तिथली माती ओली आणि सैल असते.

दीड तास आम्ही धुक्यात बसून होतो. काकांनी धुक्याचेच चित्र काढायचे ठरवले आणि कागदावर राखाडी वॉश देऊन ते वाळण्याची वाट पाहत बसले. ते शेवटपर्यंत वाळले नाही. मध्येच एक गुराखी मुलगा आला, आमच्या कोऱ्या कागदांकडे पाहून त्याने विचारले, "दिसत नाय तर काढता काय?" आणि उत्तर न ऐकताच म्हशींच्या मागे गेला.

पावणेदहाच्या सुमारास धुके कोकणाच्या बाजूने फाटले. आधी खाली खोलवर चोंढ्याकडचे पाणी चमकले. घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पाचा खालचा बांध त्या गावी आहे, वरचे पाणी दिवसा वीज करत खाली उतरते आणि विजेची मागणी कमी असली की पुन्हा वर चढवले जाते. मग समोरचे कडे उघडे पडले. रंग काढायला वेळच नव्हता. मी पेन्सिलीने एकामागून एक चार थंबनेल काढली, प्रत्येकी दोन-तीन मिनिटांची, आणि बाजूला रंगांची नावे लिहून ठेवली. बारा मिनिटांत पडदा पुन्हा पडला.

त्या चार काड्यापेट्यांतून एक गोष्ट हाती लागली. सह्याद्रीचा कडा हा लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. थर कठीण तिथे उभा काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मध्ये जिथे झीज झाली आहे तिथे अरुंद उतार. माती आणि गवत टिकते ते त्या उतारांवरच. म्हणजे कड्यावरचा हिरवा रंग वरून खाली ओघळत नाही, आडव्या पट्ट्यांनी बसलेला असतो. कार्यशाळेत मी प्रत्येक कड्यावर ब्रश उभा फिरवला होता, आणि ते कडे कशासारखे दिसत होते ते आता सांगवत नाही.

परतताना पांजऱ्याजवळ ऊन पडले. टिपणांवरून गाडीच्या शेजारी बसून मोठे चित्र रंगवले आणि वाळवण्यासाठी काकांनी युक्ती काढली : इंजिन तापलेले आहे, तर चित्र बॉनेटवर ठेवावे. युक्ती उत्तम होती. पण बॉनेटला उतार असतो हे दोघांच्याही लक्षात आले नाही. पाच मिनिटांनी पाहिले, तर ओले आकाश उताराने वाहून अलीकडच्या कड्यात उतरले होते. बॉनेटवर वाळवायचे असेल, तर फळीच्या एका बाजूखाली रुमालाची घडी सरकवून ती आधी सपाट करून घ्यावी. नंतरची सगळी चित्रे आम्ही अशीच वाळवली आणि प्रत्येकाला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागली नाहीत.

सामानाविषयी आणखी थोडे. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, आणि सुती घ्यावा, हलका कागद या हवेत पापडासारखा फुगतो. कागद चिकटवायची टेप दमट हवेत सुटते, म्हणून चार क्लिपा जवळ ठेवाव्यात. छत्री पांढरी किंवा काळी असावी. काकांच्या लाल छत्रीखाली आमचे सगळे ढग संध्याकाळचे झाले होते. कागदावर थेट ऊन पडू देऊ नये, उन्हात आपण रंग गडद लावत जातो आणि घरात आणल्यावर चित्र काळवंडलेले दिसते. गॉगल तर काढूनच ठेवावा. आणि शनिवार-रविवार टाळावेत. तळ्याकाठी तंबूंची गर्दी होते आणि त्यांच्या गाण्यांवर काही चित्र होत नाही.

चौथा दिवस : पुन्हा रतनवाडी

ठरले होते ते बारीला जायचे आणि कळसूबाईच्या पायथ्याशी बसायचे. १६४६ मीटरचे, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर न रंगवता परत जाणे काकांना मान्य नव्हते. पण सकाळी आभाळ स्वच्छ निघाले, दोन दिवस पाऊस नव्हता, आणि मला त्या बांधावर पुन्हा बसायचे होते. काकूंनी माझ्या बाजूने मत दिले. "कळसूबाई कुठे जात नाही," एवढेच त्या म्हणाल्या.

पोहोचलो तेव्हा आजींच्या वरच्या खाचरात कापणी सुरू झाली होती. हळव्या भाताचा पिवळा तुकडा निम्मा उरला होता. कापलेल्या निम्म्यात ओली काळपट माती, तीवर धाटांचे आखूड खुंट आणि आडव्या टाकलेल्या भाताच्या ओळी. आजी, त्यांची सून आणि आणखी दोघी ओळीने वाकून पुढे सरकत होत्या. मला पाहून आजींनी विळा हलवला.

मी या वेळी चित्र आधी शेतांचे मांडले आणि रतनगडाला वर कागदाची एक पट्टी दिली. डोंगर पातळ निळसर हिरव्यात एकाच वॉशमध्ये उरकला, कड्यांच्या आडव्या रेघा कोरड्या ब्रशने. मग खाली येत पिके एकेक करून. नाचणी. गरवा. खुरासणीसाठी पिवळ्याचे ठिपके, कागद कोरडा झाल्यावर. वरईचा रंगही मिळाला, तोही अपघाताने : पॅलेटच्या कोपऱ्यात आदल्या दिवशीचे सगळे हिरवे आणि थोडा राखाडी एकत्र मिसळून जो गाळ साचला होता, तो पाण्याने पातळ केला आणि ती वरई होती.

कापणाऱ्या बायकांसाठी मी जागा मोकळी सोडली होती. माणसे काढताना माझा हात अडतो, म्हणून ती शेवटाला ठेवते. डोके वर केले, तर ओळीत चारऐवजी पाच जणी होत्या. पाचवी जांभळ्या साडीत होती. शब्दकोड्याचे पुस्तक बांधावर उपडे पडले होते आणि काकू पदर खोचून, विळा घेऊन, आजींच्या शेजारी भात कापत होत्या. काका तोंड उघडे टाकून पाहत होते. लग्नाला एकेचाळीस वर्षे झाली, पण ही मावळातल्या शेतकऱ्याची मुलगी आहे हे आपण विसरूनच गेलो होतो, असे ते मला नंतर म्हणाले.

मी घाईने ब्रशच्या टोकाने पाच वाकलेल्या आकृत्या टाकल्या. चार जणींसाठी गडद तपकिरी आणि निळे ठिपके पुरले. पाचवीसाठी अलिझरिनमध्ये अल्ट्रामरीन घालून जांभळा केला. पिवळ्या भाताशेजारी तो इतका उठून दिसला, की मला आणखी काही करावेच लागले नाही.

चित्र बॉनेटवर, रुमालाच्या घडीवर, वाळायला ठेवले. आजी आल्या, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हां. हा हळवा." मग त्यांचे बोट जांभळ्या ठिपक्यावर आले. काकू पदराने तोंड पुसत मागून आल्या होत्या. त्यांनीही वाकून पाहिले.

"शेत बरे जमले आहे," त्या म्हणाल्या. "माझी कंबर मात्र एवढी नाही."